खडकसाळीची पेज

नाशिक रोड,
६ जुलै

चि. ज्योत्स्ना,

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू बंद केला आहेस हे समजलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्र कामापुरतं आहे.

आईच्या नावाने रजिस्टर पत्र आलं आहे. गेल्या वर्षी तिचा अंगठा घेऊन तू अर्ज केला होतास, त्याचं उत्तर. खडकसाळ हा भाताचा वाण 'श्रीमती अक्काबाई मंगळू भोये, ता. पेठ' यांच्या नावाने नोंदवायला हरकत दिसत नाही, पण शेतात पिकलेल्या बियाण्याचा दोन किलो नमुना ३१ ऑक्टोबरपर्यंत पोचला पाहिजे, असं त्यात आहे. नाही पोचला तर अर्ज बंद करतील.

पोस्टमन म्हणाला, "अक्काबाई कोण? सही त्यांचीच लागेल." मी म्हणालो, त्या फेब्रुवारीत गेल्या. "मग परत पाठवू?" म्हणाला. मी म्हणालो, नको, मुलगा आहे.

पत्र सोबत जोडतो. बियाण्याबद्दल दहाव्याच्या दिवशी सांगितलं तेच. आईच्या डब्यातल्या बियाण्याला टोके लागले होते, मी फेकून दिलं. तेव्हा मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तू आईसाठी नाही, डब्यासाठी आलीस, असं म्हणालो. ते मागे घेतो.

आपलं वरचं खाचर या वर्षी लताबाईंना लावायला दिलं आहे. आईबरोबर तीस वर्षं त्यांनी भाताची आवणी केली, परक्या हातात जायला नको म्हणून. आईची दोन लुगडी आणि डोक्यावर घ्यायची लाल फडकी माझ्याकडे आहेत. तुला हवी असल्यास पाठवीन.

तुझ्या वहिनीने, ललिताने, नमस्कार सांगितला आहे.

तुझा दादा,
नवनाथ


नाशिक रोड,
२ ऑगस्ट

चि. ज्योत्स्ना,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तू लिहितेस, साळीला टरफल असतं, टोके इतक्या सहज लागत नाहीत, आणि लागले तरी पाच किलोंचा डबा पूर्ण खात नाहीत. फेकलंस ती जागा सांग, पावसाळ्यात दहा दाणे तरी उगवले असतील, मला दहा पुरतील.

मी ते घंटागाडीत टाकलं होतं. जागा नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पाकीट चार दिवस कपाटावर पडून होतं. ललिताने विचारलं, "टपालात टाकायचं का आता?" मी म्हणालो, थांब, अजून लिहायचं आहे.

गेल्या दिवाळीत तू आईला अंगणात बसून समजावत होतीस ते आठवतं का? लताबाई शेजारी बसून नागली पाखडत होत्या. तू म्हणालीस, "आई, भाताच्या आत एक मुकादम असतो."

आई म्हणाली, "लोंबीत का मुळात?"

"सगळीकडे. तो स्वतः काही करत नाही. दुसऱ्यांना कामाला लावतो."

"मंग खराच मुकादम हाय," आई म्हणाली, आणि लताबाईंच्या हातून सूप सांडलं. आपली निम्मी माणसं दिवाळीनंतर मुकादमाच्या मागे दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर जातात, त्यामुळे तिथे सगळ्यांना कळलं.

मग तू नीट सांगितलंस. पाणी तुटलं की भातातला हा मुकादम, म्हणजे एक जनुक, उठतो आणि सगळे मजूर पाणी वाचवायला लावतो. पानांची बारीक तोंडं मिटा, मुळं खाली न्या. तेव्हा दाराशी कोणी उरत नाही आणि करपा रोग आत शिरतो. तुमच्याकडे प्रयोगात याच मुकादमाचा आवाज कायमचा वाढवून पाहिला, तर रोपं बिनपाण्याची जगली पण करप्याने पानं जळली. आवाज बंद केला तर रोपांनी करप्याला दाद दिली नाही, पण आठ दिवसांच्या उन्हात वाळून गेली. खडकसाळीत मुकादम तोच आहे, पण त्याला हाक मारणारा भाग वेगळा आहे. तो गरजेपुरता उठतो, पाऊस आला की गप्प बसतो, आणि मजूर नेताना दोन माणसं दाराशी ठेवून जातो. एवढं शोधायला तुला सहा वर्षं लागली असं तू म्हणालीस.

आई म्हणाली, "जोसना, याच्यासाठी हैदराबादला गेली व्हय? माझ्या सासूला ठावं व्हतं. ती म्हणायची, ही साळ उपाशी राहील पण दार उघडं टाकायची नाय."

तू हसलीस. मी हसलो नव्हतो, कारण मला ते सगळं खरंच पहिल्यांदा कळलं होतं आणि मी विचार करत होतो.

निघताना तू डब्याचं झाकण घट्ट लावलंस आणि डबा माझ्या हातात दिलास. "दादा, माझ्याकडचं मूठभर तपासण्यांत संपलं. आता जगात एवढंच आहे. यातला एक दाणाही खायचा नाही." मी हो म्हणालो. तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. शिकायला गेलीस तेव्हाही नाही.

जानेवारीत आईला इकडे आणलं. पोटातल्या गाठीचं तुला कळवलंच होतं. जेवण कमी झालं होतं. मकरसंक्रांतीनंतर एका सकाळी ती म्हणाली, "नवनाथ, खडकसाळीची पेज दे जरा. मीठ घालून. बाकी काय नको."

ललिता म्हणाली, "द्या ना मूठभर. कोण मोजतंय?"

मी म्हणालो, "ज्योत्स्ना मोजते."

डबा माझ्या पलंगाखाली होता. मी रेशनच्या तांदळाची पेज करायला सांगितली. ललिता करीना, म्हणून मी केली. वाटी घेऊन मीच आईजवळ बसलो. तिने दोन घोट घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. "ही खडकसाळ नाय."

मी म्हणालो, "तीच आहे आई. तुझ्या तोंडाची चव गेली आहे."

तिने वाटीत पाहिलं. मग म्हणाली, "आसंल बाबा. गेली आसंल." आणि वाटी रिकामी केली. त्या दिवसानंतर तिने खायला काही मागितलं नाही. देऊ ते थोडं घ्यायची. सतरा दिवसांनी गेली.

तू विचारशील, मला का नाही विचारलंस? एका फोनचं काम होतं. तू लगेच दे म्हणाली असतीस हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी फोन केला नाही. दिलेला शब्द पाळतो आहे याचं मला बरं वाटत होतं, असं आता वाटतं. दुसरं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

नवनाथ


नाशिक रोड,
७ सप्टेंबर

ज्योत्स्ना,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरूनच लिहितो.

मागच्या पत्रात मी घंटागाडीचं लिहिलं. ते खोटं आहे. टोकेही खोटे.

आई गेली त्या संध्याकाळी सगळे तिला गावी न्यायच्या तयारीत होते. मी पलंगाखालून डबा काढला आणि गाडीत माझ्या पायाशी ठेवला. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नऊ दिवस तो घरात कोपऱ्यात होता. जो येई तो त्याच्यावर टेकून बसे. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी तो लताबाईंसमोर नेऊन ठेवला आणि म्हणालो, "उद्याच्या जेवणाला हे कांडून द्या."

लताबाईंनी हात घातला, साळ तळहातावर घेतली. "नवनाथ, ही तर अक्काची खडकसाळ हाय. बियाची."

"हो."

"समदी?"

"समदी."

त्यांनी साळ परत डब्यात टाकली. वाटलं, नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी ऐकलं असतं. पण ज्याची आई गेली त्याला त्या दिवशी आपल्याकडे कोणी अडवत नाही. त्यांनी उखळ धुवून घेतलं.

पाच किलो साळीचे तीन-सव्वातीन किलो तांदूळ निघाले. सगळ्यांना पुरणार नव्हतं म्हणून त्यात दुसरे घातले. आईच्या नावाने पानावर वाढला तो भात मात्र निव्वळ खडकसाळीचा. जिला मूठभर दिली नाही तिच्यासाठी सगळीच शिजवली. मला वाटलं होतं, त्याने काहीतरी हलकं होईल.

तू बायकांच्या पंगतीत दाराजवळ बसली होतीस. तू दोन वेळा भात घेतलास. दुसऱ्या घासाला तू मान वर केलीस आणि इकडेतिकडे पाहिलंस. मी चुलीजवळ उभा होतो. मला वाटलं, हिला कळलं. पण तू परत खाली पाहून जेवू लागलीस. रडत होतीस. हात धुतल्यावर माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "दादा, तो डबा मी बरोबर नेते. या पावसाळ्यात बी लावायचं आहे."

तुझ्या हाताला अजून भाताचा वास असेल. मी म्हणालो, टोके लागले.

तू म्हणालीस, "एक डबा! तुला एक डबा सांभाळता आला नाही?" आणि मग मी ते डब्यासाठी आलीस वगैरे बोललो, सगळ्यांच्या देखत. खरं म्हणजे मला तू तिथून लवकर जायला हवी होतीस. त्यासाठी बोललो. तू गेलीस. लताबाईंचा सोमनाथ तुला मोटरसायकलवर पेठच्या स्टँडपर्यंत सोडायला आला होता. 

मी त्या दिवशी जेवलो नाही. उपास आहे म्हणून सांगितलं.

आता सगळं लिहून झालं. दहा दाणे मागितलेस, तेही माझ्याकडे नाहीत. तुझी सहा वर्षं आणि आईचं कागदावरचं नाव, दोन्ही मी एका जेवणात घालवलं. माफ कर असं लिहिणार होतो. ते लिहिलं की तुझ्यावर काम पडतं, म्हणून लिहीत नाही.

नवनाथ


गावाहून,
१४ ऑक्टोबर

ज्योत्स्ना,

हे पत्र टपालाने नाही, कुरियरने पाठवतो आहे, म्हणजे परवा मिळेल. मिळालं की लगेच वाच.

लताबाईंचा निरोप आला होता, खाचर बघून जा, करपा आलाय. शाळेत आठवड्याची रजा टाकून आलो. इकडे या वर्षी आवणीनंतर तीन आठवडे पाऊस नव्हता. वरच्या खाचराला भेगा पडल्या होत्या. मग गणपतीनंतर रोज धुकं आणि झिमझिम. व्हायचं ते झालं. खाचरात लावलेली इंद्रायणी साळ बसकी राहिली, आणि उरलीसुरली करप्याने खाल्ली. पानांवर ते डोळ्यासारखे ठिपके, लोंबीची मान काळी पडून मोडलेली. बांधावरून पाहिलं तर सगळं खाचर विस्तव फिरवल्यासारखं तांबूस.

पण मधे मधे हिरवे झुबके उभे होते. कंबरेएवढे. एखादा इथे, दोन तिथे. मला वाटलं, गवत वाढलंय. मी म्हणालो, "मावशी, बेणणी केली नाही का?"

लताबाई म्हणाल्या, "तुझं शिक्षण नाशकातच ऱ्हायलं का? खाली उतर. लोंबी बघ."

खाली उतरलो. बारीक दाणा, टोकाला काळसर ठिपका, पानावर एक डाग नाही. मी चिखलात तसाच उभा राहिलो.

"कुठून आलं हे?"

"तुझी आय दर साली मला सूपभर द्यायची. मी तिला नागली द्यायची. बी एका घरात ठेवायचं नाय, आसं तिचं. ह्या सोमनाथनं यंदा माझी खडकसाळ इंद्रायणीच्या पोत्यात वतली. म्हनं, भात तर भात. मंग तशीच पेरली."

सोमनाथ तिथेच होता. तो बांधावर उभा होता, म्हणाला, "आता मला काय ठावं मोठे सायब व्हते त्यात!"

मी लताबाईंना विचारलं, "दहाव्याच्या वेळी का बोलला नाहीत, तुमच्याकडे सूपभर आहे म्हणून? ज्योत्स्ना हात हलवत गेली."

"तू इचारलं का? तू तर तिला टोके सांगितले. मी तुझ्या तोंडावर तुला खोटं पाडू, आय मेलेल्या मानसाला? आन पेरताना मला वाटलं, मिसळलं ते गेलं. आता कोन निवडनार."

निवडावं लागलं नाही. तू सांगितलं होतंस तेच झालं. आधी पाणी तुटलं, त्यात एक गाळण झाली. मग करपा आला, त्यात दुसरी. दोन्हीतून जे उभं राहिलं ते राहिलं. मी आणि सोमनाथ दिवसभर खाचरात फिरलो आणि प्रत्येक झुबक्याला खूण बांधली. आईची लाल फडकी बरोबर आणली होती, तुला पाठवायची म्हणून. तिच्या चिंध्या केल्या. तू रागावणार नाहीस असं वाटतं. एक्केचाळीस भरले.

लताबाई म्हणतात, सगळं मिळून एक किलो होईल, जास्त नाही. पत्रात दोन मागितले आहेत. म्हणून काल पेठला जाऊन मी वारस म्हणून अर्ज टाकला, एका हंगामाची मुदतवाढ मिळावी. कारणाच्या जागी 'बियाणे माझ्या हातून नष्ट झाले' असं लिहिलं आहे. देतील की नाही माहीत नाही. अर्ज कसा लिहावा एवढं मला येतं.

आता दुसरं. संध्याकाळी लताबाईंकडे बसलो होतो. मी त्यांना पेजेचं सांगितलं. मला वाटलं होतं, ते फक्त मला, ललिताला आणि तुला माहीत आहे.

त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय ते."

"ललिता बोलली?"

"तुझी आय बोलली. ललिताच्या फोनवरनं फोन केला व्हता तिनं मला. म्हनं, लता, पोरानं रेशनची पेज दिली आन खडकसाळ सांगितली. मी म्हनलं, मंग तू त्याला काय बोलली? तर म्हनं, बोलायचं काय. जोसनाचं बी राखतोय तो. माझ्या तोंडाची चव गेली म्हनला, मी व्हय म्हनलं. दोघांचं जमू दे."

 लताबाईंनी चहा पुढे सरकवला, तो गार झाला, त्यांनी परत गरम केला.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "नवं निघालं की आदी गेलेल्या मानसाला दावायचं आसतंय. अक्काचं पयलं साल हाय. ह्यातलंच करशील ना?"

मी म्हणालो, "मावशी, यातला एक दाणाही..." आणि तिथेच थांबलो.  लताबाईंनी चुलीत लाकूड सारलं.

आज सकाळी मी खाचरात गेलो. बांधाजवळचा एक झुबका, आई जिथून आवणीला सुरुवात करायची त्या कोपऱ्यातला, विळ्याने कापला. त्याच्या खुणेची चिंधी खिशात ठेवली. लोंब्या हाताने चोळल्या. उखळ लागलंच नाही, दगडावर दगड घासून टरफल काढलं. तांदूळ किती, तर एका वाटीच्या तळाशी. पाणी घातलं, मीठ घातलं, लताबाईंच्या चुलीवर पेज केली. तिला जळणाची घाई नको, आई म्हणायची, ते आठवलं. सावकाश केली. आपल्या घरात नेऊन आईच्या जागेवर ठेवली आणि दार लोटून बाहेर बसलो.

म्हणजे आता चाळीस आहेत. तुला न विचारता एक घेतला. तुझा फोन लागला असता तरी या वेळी मी विचारलं नसतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मोजताना तुला वाटायला नको की मी परत काही लपवलं.

बाकीच्या चाळिसांना मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. खरी खडकसाळ कोणती आणि इंद्रायणीशी संकर झालेलं कोणतं, हे तू बघितल्याशिवाय कळणार नाही. विळा तूच लाव. लताबाई सोमवारपर्यंत थांबायला तयार आहेत, त्यापुढे दाणा गळेल. सोमनाथ पेठच्या स्टँडवर येईल. मी इथे असावं असं तुला वाटत नसेल तर लताबाईंना कळव, मी रविवारीच नाशिक रोडला निघून जाईन. चिंध्या लाल आहेत, लांबून दिसतात.

तासाभराने मी आत गेलो. वाटी तशीच होती. उचलून एक घोट घेतला. वीस वर्षं मी शहरात जो मिळेल तो तांदूळ खातो, मला वाटत होतं तांदूळ सगळे सारखेच.

आईच्या तोंडाची चव गेली नव्हती.

दादा